आडवी रेघ

२०२३ सालच्या ऑगस्टच्या शेवटी आमच्या गावात टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण २९ ऑगस्टला सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. त्याआधी गावाचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, "हे कुठं आलं?" मग वडीगोद्री सांगावं लागायचं, नाही कळलं तर शहागड. आता गाड्यांवरच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या, आणि गावातली म्हातारी माणसं घरात बसून टीव्हीवर आपलीच गल्ली बघत होती.

त्या गर्दीत उभं राहून मला आमचा जुना टीव्ही आठवला. आमच्या गल्लीतला तो पहिला. त्याच्या नावावर आमच्या घरात एक हिशेब शिल्लक होता. वहीत तो १८० रुपयांचा आहे. वहीबाहेर किती, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात आलं, मागोमाग ऊस आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसाच्या बिलातून टीव्ही घेतला. लाकडी खोक्याचा, पुढं सरकती शटरं असलेला, वीस इंची, काळा-पांढरा. २५ जानेवारी १९८७ला रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरेना. आयाबाया टीव्हीला हळदकुंकू लावून बसायच्या. माळवदावर लोखंडी पाईप, त्याच्यावर अँटेना, तिचं तोंड तेव्हाच्या औरंगाबादकडं. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर जाऊन पाईप फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचं, "आलं! आलं! गेलं! जरा उलटं!"

वर जाणारा कायम एकच. आमच्या सालगड्याचा मुलगा. माझ्याच वर्गात होता, तेरा वर्षांचा. सालगड्याला आम्ही पोरं मामा म्हणायचो. मामा गोठ्याशी उभे राहून लांबून बघायचे. पोरगा माळवदावरून उतरला की उंबऱ्याच्या बाहेर बसायचा. आत बसायची त्याची जागा नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही पडली नव्हती.

१९८८च्या थंडीतला एक रविवार. चित्र एकसारखं वर वर सरकायला लागलं, रहाटाची माळ फिरावी तसं. मी पुढं बसलेलो. उठलो आणि टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. एक नाही, दोन. थाप हा आमच्याकडचा पहिला इलाज. रेडिओला थाप, बॅटरीला थाप, मोटारीच्या स्टार्टरला थाप. चित्र थांबलं नाही. तेवढ्यात तो माळवदावरून उतरून आला. मोठ्या माणसांना त्यानं मागचा नॉब फिरवताना बघितलेलं. तो उंबरा ओलांडून आत आला, मागं हात घातला, नॉब थोडासा फिरवला. चित्र थांबलं. लोक 'हां' म्हणाले. आणि दुसऱ्याच क्षणाला सगळं चित्र वरून-खालून दबत गेलं आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ राहिली. आवाज मात्र सुरूच.

त्याचा हात अजून टीव्हीच्या मागंच होता.

"काय केलंस रे?" अण्णा ओरडले. माझ्या दोन थापा पन्नास माणसांनी पाहिल्या होत्या. पण घरच्या पोराची थाप कुणाच्या डोळ्यात भरत नाही. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "म्या काही नाही केलं." दारातून मामा हळूच म्हणाले, "मालक, बंद करता का त्याला?" पण आवाज येत होता, म्हणून लोक अर्धा तास ती रेघ बघत आवाज ऐकत बसले.

तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं एक आयसी बदलली आणि सांगितलं, "नॉब जोरात फिरवला की हे जातंय." १८० रुपये घेतले. पाडव्याला साल संपलं तेव्हा अण्णांनी मामांच्या हिशेबातून १८० कापले. मामांनी दुसरं साल धरलं नाही. पाडव्यालाच बिऱ्हाड हललं आणि पुढच्या दिवाळीनंतर ते कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्याचं कळलं. पोरगाही गेला. शाळेत त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसायला लागलं.

टीव्हीचं म्हणाल, तर मृगाच्या सुमाराला पुन्हा रेघ आली. थाप मारली की चित्र यायचं, पुन्हा जायचं. अण्णा म्हणायचे, "एकदा हात लागलेली वस्तू नीट होत नसती." पोरगं गावात नसतानाही टीव्ही बिघडतोय, याचा अर्थ काय, हे आमच्या घरात कुणीच कुणाला विचारलं नाही. मीही नाही. पुढं रंगीत टीव्ही आला आणि हा माळ्यावर गेला.

*

२०२०चा पाडवा २५ मार्चला होता. आम्ही सण करायला गावी आलो आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. मी कॉलेजात मराठी शिकवतो. परत जायचं नव्हतं, शिकवायचं नव्हतं. २८ तारखेला दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. अण्णा तेव्हा ब्याऐंशीचे. ते भिंतीवरच्या चपट्या टीव्हीकडं बघत म्हणाले, "हे त्या डब्यावर बघायची गोडी निराळी होती."

मी माळ्यावरून डबा उतरवला. बायको म्हणाली, "तुम्हाला बल्ब बदलता येत नाही नीट." खरं होतं.

जालन्यातले एक म्हातारे टीव्ही मेकॅनिक माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना फोन लावला. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, दुकानं बंद आहेत ना? बरंय. सामान मिळत असतं तर तुम्ही एकेक पार्ट बदलत बसला असता. आता बघावं लागेल."

आधी त्यांनी भीती शिकवली. ट्यूबच्या अंगावर रबरी टोपीखाली एक जाड वायर जाते, तिच्यात चालू असताना पंधरा हजार व्होल्टच्या वर दाब असतो. ट्यूबची काच तो दाब टीव्ही बंद केल्यावरही धरून ठेवते. म्हणून आधी पेचकसाला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थच्या जाळीला, मग पेचकस टोपीखाली सरकवायचा. 'टच' असा आवाज आला तर समजायचं की तो करंट आपल्या अंगात गेला असता. सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही तसाच साठा. जुन्या टीव्हीची चेसीस थेट लाईनला जोडलेली असते; पिन उलटी बसली तर सगळ्या पत्र्याला करंट. चालू टीव्हीत हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. आणि ट्यूबची मान सांभाळायची; आत पोकळी आहे, फुटली तर काच अंगावर येते. पहिले दोन दिवस मी पाठीचा पुठ्ठा काढून नुसता बघत बसलो.

आत कोळिष्टकं, पालीच्या अंड्यांची टरफलं, कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं. पुठ्ठ्याला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला, वाळवीनं निम्मा खाल्लेला. मी रंगाच्या ब्रशनं धूळ काढली. शेजारच्या गल्लीत मोटारी भरणारा एक जण आहे. त्याच्याकडून सोल्डरिंगची काडी, मीटर आणि शंभरच्या बल्बाचा सिरीज बोर्ड आणला. सिरीज बोर्ड ही साधी गोष्ट: टीव्हीच्या वाटेवर एक बल्ब. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, टीव्ही जळत नाही. आमचा बल्ब एकदा भडकला आणि मंद झाला. "शॉर्ट नाही," चाचा म्हणाले. "आता बोर्ड काढून थेट लावा. पण ब्राइटनेस आधी कमी करा."

टीव्ही लावला. मिनिटभरानं खरखर आली. मग पडद्यावर रेघ. मधोमध, आडवी, पांढरी. बत्तीस वर्षांनी तीच. माझ्या पोटात कालवलं.

"रेघ आहे? मग चांगलंय," चाचा म्हणाले. "ब्राइटनेस अजून कमी करा. सगळा उजेड एका रेघेत पडतो, काचेमागचा मसाला जळतो. जास्त वेळ ठेवली तर ती रेघ कायमची उमटते." मग त्यांनी विचारलं, "सांगा, काय काय बरोबर आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही. चित्र नाही."

"तसं नाही सर. बिघडलेलं नंतर. आधी चांगलं काय ते मोजा."

आणि त्यांनी मोजून दाखवलं. खरखर येते, म्हणजे सप्लाय आहे, आवाजाचा भाग जिवंत. रेघ उजळते, म्हणजे मोठा दाब आहे, ट्यूब जिवंत. रेघ काठापासून काठापर्यंत आहे, म्हणजे आडवं चालणारं काम ठीक. नाही ते फक्त उभं.

ते मला असं समजलं. पडद्यावर चित्र कधीच सबंध नसतं. ट्यूबच्या मानेतून एक किरण येतो आणि शेत नांगरावं तसा पडदा नांगरतो. एक तास झाला की खालचा तास, मग त्याच्या खालचा. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी. किरण सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा जातो आणि ५० वेळा वरून खाली. आडवं नेणारी जोडी वेगळी, खाली सरकवणारी वेगळी. खाली सरकवणारी थांबली, की नांगर एकाच तासात पुन्हा पुन्हा फिरतो. शेत तेवढंच, नांगरही तोच, पण सगळं काम एका रेघेत.

म्हणजे आता ट्यूनर, आवाज, सप्लाय, ट्यूब, सगळ्यांची सुटका झाली. राहिला उभ्या कामाचा एक कोपरा, तळहाताएवढा. टीव्ही बंद केला, दाब मोकळा केला, चेसीस बाहेर ओढली, बोर्ड उलटा केला. चाचांच्या सांगण्यावरून त्या कोपऱ्याचे फोटो काढून पाठवले. तिथं १९८८ची आयसी होती. तिच्या पायांचे डाग बाकीच्यांपेक्षा जाड आणि चमकदार, म्हणजे मागाहून दिलेले. चाचा म्हणाले, "ही बदललीय. गेली असेल-नसेल. तिच्या बाजूचा प्लग बघा. ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलला तारा जातात तो."

भिंग लावलं. प्लगच्या एका पिनेभोवती कथलाच्या डागात केसाएवढं बारीक वर्तुळ होतं. डाग पिनेला धरून आहे असं दिसत होतं, पण धरलेलं नव्हतं. शेजारी सिमेंटचा मोठा रेझिस्टन्स, त्याच्याखालचा बोर्ड उष्णतेनं तपकिरी झालेला. टीव्ही लावला की तापायचं, फुगायचं. बंद केला की आकसायचं. वर्षानुवर्षं. ती चीर एका दिवसात पडलेली नव्हती.

"नॉब फिरवल्यानं?" मी विचारलं.

"नॉबचा काय संबंध? नॉब वेगळ्या जागी. ही चीर कुणाच्या हातची नाही सर, गरमीची आहे. कुणी हलवलं, ठोकलं, तर कधी जुळते, कधी सुटते, एवढंच. त्या मेकॅनिकनं आयसी काढताना बोर्ड दाबला असेल, तेवढ्यानं जुळलं असेल. त्याला वाटलं, आयसीनं झालं."

मी जुनं कथील खरवडून नवा डाग दिला. पहिला डाग गोळा झाला, काडी नीट तापली नव्हती. दुसरा फाटला. तिसरा बसला. टीव्ही लावला. पडदा उघडला, पण पुरता नाही. वर-खाली चार-चार बोटं काळं, आणि खालची बाजू दुमडल्यासारखी. "कंडेन्सर वाळला," चाचा म्हणाले. एक हजार एमएफडीचा. तो गावात कुठला? मारुतीच्या देवळातला भजनाचा ॲम्प्लिफायर जळून पडला होता, त्यात एक निघाला. मूळच्यापेक्षा जास्त व्होल्टचा होता. जास्त चालतो, कमी चालत नाही. अधिक-उणे बघून बसवला. फ्री डिशच्या डब्याला जुन्या टीव्हीसाठीचं भोक होतं, तिथून वायर आणली आणि ट्यूनर तीन नंबरवर खटकन आणला.

रात्री नऊला अण्णांच्या समोर चित्र आलं. पुरं, उभं, स्थिर. अण्णांनी हात जोडले. मग पुढं वाकून म्हणाले, "मधी रेघ कामून दिसायली?"

चित्राच्या मधोमध एक काळपट आडवी रेघ होती, बारीक, पण होती. ती आता कुठल्या बिघाडाची नव्हती. त्या रविवारी अर्धा तास आम्ही ती काचेवर उमटू दिली होती. पुढं परत परत येत गेली तेव्हाही टीव्ही लगेच बंद केला नाही.

*

त्या रात्री मला झोप आली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, ते सांगतो. बत्तीस वर्षं मनात कुठंतरी होतं, की टीव्ही माझ्या थापेनं गेला आणि मी दुसऱ्यावर जाऊ दिला. आता भिंगाखाली दिसलं, की माझ्या थापेनंही गेला नव्हता. बिघाड कुणाचाच नव्हता. मग माझ्याकडं राहिलं काय?

मग कळलं, की बिघाड आणि दोष हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण ते एक नाहीत. बिघाडाला कारण असतं. दोषाला माणूस असतो. टीव्हीचा बिघाड गरमीनं झाला. पण तिथं दुसरीही एक गोष्ट झाली होती: मी गप्प बसलो. तिला गरमी कारण नव्हती. थापेची भीती खरी असो की खोटी, त्या क्षणी मला तीच खरी वाटत होती आणि तरी मी गप्प बसलो. चीर सापडल्यानं तो पोरगा सुटला. मी सुटलो नाही, उलट पुरता सापडलो.

आणि रीत बघा. चाचांनी आधी चांगलं काय ते मोजलं. एकेकाची सुटका करत गेले, शेवटी तळहाताएवढी जागा उरली, तिथं भिंग लावलं. आमच्या ओसरीवर उलटं झालं. शेवटचा हात कुणाचा, एवढंच आम्ही पाहिलं. त्यातही कुणाचा हात दिसतो आणि कुणाचा दिसत नाही, हे आधीच ठरलेलं.

सकाळी हे मी बायकोला सांगितलं. मला वाटलं, फार मोठं काही हाती लागलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आणि समजा, त्याच्याच हातून गेला असता तर? तर मग त्याच्या बापाचे पैसे कापणं बरोबर होतं का?"

मला उत्तर आलं नाही. दर रविवारी त्याला माळवदावर आम्ही चढवत होतो, फुकट. पाईपावरून पडला असता तर आम्ही काय भरून दिलं असतं? त्याच्या हातून नॉब मोडला असता, तरी तो आमच्याच कामात मोडला असता. चीर सापडली म्हणून तो निर्दोष, असं मी म्हणत होतो. म्हणजे चीर सापडली नसती तर? माणसाशी नीट वागायला आधी त्याची निर्दोष असल्याची पावती लागते, असं माझ्या डोक्यात कुठंतरी बसलेलं होतं. मीटर आणि भिंग इथवर आणतं. पुढचं त्यानं मोजता येत नाही.

अण्णांना मी बोर्ड दाखवला. भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "मेकॅनिक म्हणला व्हता," एवढंच बोलले. संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून वह्या काढायला लावल्या. १९८८च्या वहीत त्यांच्याच अक्षरात होतं: 'टीव्ही दुरुस्ती वजा १८०.' त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, "कुठं ऱ्हातो रे ते पोरगं आता?"

नंबर मिळवायला चार दिवस लागले. तो शिरूर-रांजणगावकडं टेम्पो चालवत होता. त्या दिवसांत त्याचाही टेम्पो उभा. मी ओळख सांगितली. तो पहिल्यांदा म्हणाला, "बोला दादा. कुणी गेलं का?" गावाकडून इतक्या वर्षांनी फोन येतो तो त्याच कारणानं.

मी सगळं सांगितलं. माझ्या थापाही सांगितल्या. तो मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "दादा, मला माहीत व्हतं की म्या नाही केलं. तुम्ही थाप मारलेली बी मला दिसली व्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणापाशी बोलायचं?"

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मह्यापुरतं म्हणसाल तर ते तवाच गेलं. पण बापाला खरं वाटलं व्हतं. मेकॅनिक म्हणला, मालक म्हणले, मग खरंच आसंल. तोडीवर असताना दारू पिला की म्हणायचा, तुह्या हातानं मव्हं साल गेलं. मरंस्तोवर म्हणायचा. हे त्याला सांगाया पाहिजे व्हतं."

मामा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्याची शाळा त्या १८० रुपयांमुळं सुटली का? त्यानं तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. दुष्काळ होता, उचल होती, मुकादम होता. सालगड्यांच्या कितीतरी पोरांची शाळा टीव्हीशिवायही सुटली. एक पिन सुटली म्हणून चित्र गेलं, असं माणसाच्या आयुष्याबद्दल सांगता येत नाही. पण तिथं आमचाही हात लागलेला होता, एवढं नक्की.

मी पैशाचं काढलं. १८०चे आज किती होतील, व्याज किती, असं काहीतरी बोललो. तो हसला. "पैसे ऱ्हाऊ द्या. चार माणसात आळ घेतला व्हता ना दादा? मग कधी आलो गावात तर चार माणसातच सांगा. फोनवर काय, तुम्ही अन् मी."

मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं. तो गावात येणार नाही, असं मला आतून वाटत होतं, आणि त्या वाटण्यानं मला बरंही वाटत होतं. तेही लिहून ठेवतो.

*

२०२२मध्ये अण्णा गेले. दहाव्याला तो आला. पन्नाशीकडं झुकलेला, केस पांढरे, टेम्पोवाल्यासारखं एक खांदा पाडून चालणं. ओसरीवर भावकी बसलेली. मी चहा दिला आणि उभं राहूनच सांगितलं: अठ्ठ्याऐंशीला टीव्ही यानं बिघडवला म्हणून आपण सगळ्यांनी म्हटलं, ते खोटं होतं; टीव्ही आपोआप गेला होता; थापा मी मारल्या होत्या आणि मी बोललो नाही; याच्या बापाचे पैसे आपण कापले ते चुकीचं होतं. घसा कोरडा पडला होता. कॉलेजात इतकी वर्षं बोलणाऱ्याला एवढी चार वाक्यं जड गेली.

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एक चुलते म्हणाले, "कोणता टीव्ही?"

दुसऱ्यांना रामायण आठवत होतं, गर्दी आठवत होती, हळदकुंकू आठवत होतं. रेघ कुणाला आठवत नव्हती. एक जण म्हणाला, "लेका, एवढंसं अजून धरून बसलास व्हय?" तो मला म्हणाला की त्याला, ते कळलं नाही. ज्या चार माणसांत सांगायचं होतं, त्यांच्या मनात तो आळ उरलाच नव्हता. तो फक्त एका घरात उरला होता, आणि त्या घरातला ज्याला ऐकायला हवं होतं तो नव्हता.

मला वाटलं, सगळंच फुकट गेलं. पण तो चहा संपवून म्हणाला, "बरं झालं बोललात." मग म्हणाला, "चालू हाये का तो?"

आम्ही माजघरात गेलो. मी टीव्ही लावला. तो समोर पाटावर बसला. काहीतरी बातम्या लागल्या होत्या. बोलणाऱ्या माणसाच्या नाकावरून ती काळपट रेघ आडवी गेलेली. तो पुढं झाला, बोटानं काच पुसल्यासारखं केलं.

"ही तवाचीच का?"

"तेव्हाचीच."

"बाप म्हणला व्हता, बंद करा म्हणून."

"हो," मी म्हणालो. "म्हणाले होते."

तो थोडा वेळ बघत बसला. मग हात पुढं करून बटण त्यानंच बंद केलं.